आक्कांच्या ट्रंकेतली लुगडी

वहिनी, या जरा भिंतीपाशी. भाजी नंतर निवडा, नाहीतर ती परात आणा इकडंच, मीही हात लावते. आक्कांच्या गच्चीकडं बघितलंत का? उजाडल्यापासून चाललंय. वाकळा, दुपटी, पडदे, अभ्रे, सगळं दोरीवर. घट बसायच्या आत घरातलं धुणं निघालंच पाहिजे, हा त्यांचा नेम. पूर्वी सगळा गाव कृष्णेच्या घाटावर जायचा की हो, बैलगाडीत वाकळा घालून. ओली वाकळ पिळायची म्हणजे दोन टोकांना दोन माणसं लागायची, त्या दिवशी पुरुषांचीसुद्धा सुटका नसायची. यंदा सुनेनं हौसेनं एक वाकळ मशीनमध्ये टाकली. पाणी पिऊन ती अशी जड झाली म्हणता, मशीन घुमत घुमत न्हाणीच्या दारापर्यंत आलं. आक्का काही बोलल्या नाहीत. नुसतं बघितलं सुनेकडं. ते जास्त लागतं, नाही का?

पण खरी कुरबुर वेगळीच आहे. हळू बोला, खिडकी उघडी आहे त्यांची.

आक्कांच्या आईची इरकली लुगडी आहेत ना, ती. सून म्हणते, एक काचेच्या चौकटीत घालून दिवाणखान्यात लावू, पाहुण्यांना दाखवायला. आणि आक्का म्हणतात, मी फाडणार, वाकळ शिवणार. ऐकलंत? जुनं जपणारी सून आणि कात्री घेऊन उभी सासू! मला तर आधी सुनेचंच पटलं होतं. आईची वस्तू, त्यात कात्री कशी घालवते बाई. पण परवा आक्कांनी ट्रंक उघडून दाखवली आणि माझी बोलती बंद झाली.

२०१९ च्या पुरात त्यांचं गावभागातलं माहेर पाण्यात होतं, आठवतंय ना? ट्रंक खालच्या सोप्यातच राहिली. पाणी ओसरल्यावर उघडली तर चिखलाचा लगदा. सुती लुगडी होती ती दोन-तीन पाण्यांतनं काढली, सावलीत वाळवली, आणि पुन्हा उभी राहिली. पैठणी मात्र गेली. लाल लुगड्याचा रंग तिच्यावर उतरला, तो काही निघाला नाही. पण आक्का काय म्हणतात ऐका. पैठणी पुरात गेलीच नाही, ती आधीच गेली होती. वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवलेली, कुणी नेसलं नाही, कुणी घडी मोडली नाही. रेशीम घडीवरच कुजतं आणि जरीच्या भारानं तिथंच चिरतं. उलगडली तर घडीघडीला उभी चीर. पुरानं फक्त दाखवून दिलं.

म्हणून म्हणते, तुमची शालू-पैठणी असेल तर वर्षातनं एकदा तरी घडी बदला. मलमलीत गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत नको. ती कापू नका, वाकळीत रेशीम टिकत नाही. पण सुताचं उलटं. सूत जितकं धुवाल तितकं मऊ. इरकलीचं बघा, अंग सुती आणि पदर रेशमी. विणतानाच दोन्ही धागे एकमेकांत अडकवलेले, त्या टोपपदराच्या सांध्यावरच लुगडं आधी विरतं. म्हणून आक्का पदर वेगळा काढून ठेवतात आणि अंगाची वाकळ करतात. पदराची चौकट करून सुनेला दिली तर भांडणच मिटेल, असं मी सुचवलं. हसल्या नुसत्या. करतील बहुधा.

शिवतात कशी ते बघितलंय का कधी? खाली सतरंजी, तिच्यावर अस्तराचं लुगडं ताणून, मधे वडिलांची धोतरं थराथरानं, वरती चांगल्यातलं लुगडं. आधी लांब टाके घालून टाचून घ्यायचं, मग कडेनं धावदोरा. एक फेरी झाली की तिच्या आतनं दुसरी, असं फिरत फिरत मधोमध यायचं.  दोरा मेणावरनं ओढून घेतात, म्हणजे गुंतत नाही. दुपारी साडेतीनला चहा, तोवर गुडघ्यावर वाकळ आणि समोर मालिका. आवाज बंद. संवाद काय बोलणार ते त्यांना माहीतच असतं म्हणे.

हां, आणि नायलॉनची साडी नेऊ नका त्यांच्याकडं. मी नेली होती, फुलाफुलांची, छान. परत दिली की. म्हणाल्या, घाम पीत नाही, सुई निसटते आणि रात्री वाकळ पलंगावरनं घसरते.

आता गंमत ऐका. मे महिन्यात सगळी दांडेलीला गेली होती ना? मुलगा, सून, नातवंडं काळी नदीत राफ्टिंगला, आणि आक्का गाडी करून हल्याळला! तिकडं सिद्दी लोकांची वस्ती आहे. मूळचे आफ्रिकेतले. कित्येकांच्या पूर्वजांना पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलेलं, तिथनं निसटून ते कारवारकडच्या रानात शिरले. कुणी हिंदू, कुणी ख्रिस्ती, कुणी मुसलमान, पण कोकणी बोलतात, त्यामुळं आक्कांचं मराठी तिथं धकलं. त्यांच्या बायकासुद्धा जुन्या कपड्यांची वाकळ शिवतात, तिला कवंद म्हणतात. त्यांचीही रीत तीच, कडेनं सुरू, मधे संपवायचं. आणि चारी कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्या एकावर एक बसवतात, त्या फुला. फुला नसल्या की वाकळ उघडी-नागडी वाटते त्यांना. आक्कांना हे इतकं भावलं की आल्यापासून प्रत्येक वाकळीला कोपऱ्यात फुला. इथं सांगलीत हल्याळची फुला! नदीत भिजून आलेली बाकीची मंडळी काय घेऊन आली? सर्दी.

तसंच बदामीचं. बनशंकरी कुलस्वामिनी, त्यामुळं जाणं होतंच. माणसं देवीची ओटी भरून, माकडांना शिव्या घालून परत येतात. आक्का ऐहोळेला दुर्ग मंदिरातल्या दगडी जाळ्यांपुढं वही काढून बसतात. एकेका जाळीची नक्षी वेगळी, त्या वहीत चौकोन पाडून उतरवून घेतात. येताना गुळेदगुड्डचा खण. त्यांच्या निळ्या वाकळीवर मधे ती चाकासारखी नक्षी आहे ना, ती ऐहोळेची. नातू त्याला गाडीचं चाक म्हणतो, ते सोडा.

गौरींच्या मागं खणाच्या तुकड्यांचा पडदा होता, तो बघितला असेलच तुम्ही. २०१८ ला थर्माकोलवर बंदी आली तेव्हा सगळ्या गल्लीला मखराची पंचाईत, आणि आक्कांनी साठवलेले चोळीचे तुकडे बाहेर काढले. तोच पडदा आता दिवाळीत दारावर येतो, आणि संक्रांतीला त्याची उलटी बाजू. उलटीकडं काळ्या चंद्रकळेवर पांढरे टाके, हलवा सांडल्यासारखे. सणाला नवीन काही विकत आणायचंच नाही, हा त्यांचा हट्ट मला जरा जास्तच वाटतो. थोडी हौस असावी माणसाला. तोरणाला नवा दोरा तरी आणा म्हटलं, तर तोही जुन्या साडीच्या काठातनं काढलेला! नागपंचमीला मात्र कात्री-सुई कुलपात. त्या दिवशी चिरायचं नाही, कापायचं नाही. तेवढ्यावरनं सुनेला सुट्टी मिळते.

आणि एक शहाणपणाची गोष्ट करतात त्या. वाकळीच्या मागच्या कोपऱ्यात दोऱ्यानंच लिहितात, कुणाचं लुगडं, कुणाची धोतरं, कुठल्या साली शिवली. आपल्याकडच्या वाकळा कुणाच्या ते कुणाला माहीत आहे सांगा. माझ्या माळ्यावर एक आहे, आजीची की आत्याची, आता विचारायला कुणी उरलं नाही.

बरं, मी मुद्द्यावर येते. तुमच्या लेकीला सातवा लागला ना? आक्का स्वतःहून विचारणार नाहीत, स्वभाव नाही त्यांचा, पण बाळाचं दुपटं शिवायचं त्यांच्या मनात आहे, मला कळलंय. नवं कापड बाळाच्या अंगाला टोचतं. तुमच्या सासूबाईंची सुती लुगडी माळ्यावर असतील, त्यातलं सगळ्यात विरलेलं काढा. गरम पाण्यातनं खळ काढून, कडक उन्हात वाळवून या आठवड्यातच नेऊन द्या. घट बसले की त्यांचा उपास असतो, मग दसरा होईपर्यंत त्या सुई हातात धरत नाहीत.