सेन्सरराव

ट्रक रस्त्याच्या कडेला थांबला आणि ड्रायव्हरनं केबिन पुढे झुकवली, की पाचव्या मिनिटाला सेन्सरराव तिथे हजर असतात. त्यांना कुणी बोलावलेलं नसतं. ते मेकॅनिक नसतात, गॅरेजचे मालक नसतात, गिऱ्हाईक तर नसतातच. हात मागे बांधून गाडीला एक प्रदक्षिणा, तक्रार कसलीही असली तरी मागच्या टायरला एक लाथ, आणि लगेच निकाल: "सेन्सर गेलाय."

यांचे तीर्थरूपही असेच उगवायचे. ते म्हणायचे, "हवा धरलीय." त्यांच्या काळच्या डिझेल गाड्यांत ते दहातल्या चार वेळा तरी खरं निघायचं. चिरंजीवांचा हिशेब इतका चांगला नाही, पण आवाज वडिलांपेक्षा मोठा आहे. शिवाय त्यांचं राज्य नुसत्या गाड्यांपुरतं नाही. सोसायटीची लिफ्ट अडकली, सेन्सर गेलाय. फ्रिजात बर्फ साचला, सेन्सर. शेजारच्यांचा मुलगा बारावीत गणितात नापास झाला तेव्हाही ते काहीतरी बोलायला पुढे झाले होते. बायकोनं हात धरून मागे ओढलं म्हणून राहिलं.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-सहाच्या गाड्या आल्या आणि सेन्सररावांचा भाग्योदय झाला. ट्रकला डिझेलच्या टाकीशेजारी निळ्या झाकणाची दुसरी टाकी आली. तिच्यात भरतात ते डीईएफ, म्हणजे साडेबत्तीस टक्के युरिया आणि बाकी क्षार काढलेलं शुद्ध पाणी. ड्रायव्हर लोक त्याला सरळ युरिया म्हणतात. हे पाणी गरम धुरात फवारलं जातं, पुढच्या डब्यात धुरातल्या विषारी नायट्रोजन ऑक्साइडचा साधा नायट्रोजन आणि वाफ होते. शंभर लिटर डिझेलमागे साधारण तीन ते पाच लिटर युरिया लागतो. टाकी रिकामी झाली, किंवा ती रिकामी आहे असं गाडीला नुसतं वाटलं, की आधी दिवा लागतो, मग बझर वाजतो आणि तरीही कुणी दाद दिली नाही तर गाडी आपली ताकद स्वतःच कापून घेते. घाटात भरलेला ट्रक घेऊन दुसऱ्या गिअरवर रखडणाऱ्या ड्रायव्हरला हवा स्वच्छ ठेवण्याचं महत्त्व त्या वेळी समजावून सांगू नये.

सेन्सररावांकडे या युरियावर घरगुती उपायही आहे. "कशाला बाटलीबंद घेता? शेतातला युरिया पाण्यात कालवा, तेच आहे." तेच नाही. शेतातला युरिया निंबोळीचा लेप दिलेला असतो, शिवाय त्यात आणि नळाच्या पाण्यात जे काही येतं त्यानं फवारणीचं नोझल आणि पुढचा महागडा डबा दोन्ही बसतात. दुसरं म्हणजे तो सरकारी सबसिडीचा माल शेतकऱ्यासाठी आहे, ट्रकसाठी नाही. पण सल्ला देऊन झाल्यावर सेन्सरराव परिणाम पाहायला थांबत नाहीत. तोवर त्यांची दुसरी गाडी आलेली असते.

परवा कळंबोलीला, स्टील मार्केटच्या बाजूच्या गॅरेजांत, लासलगावचा कांदा घेऊन न्हावा-शेव्याला निघालेला एक ट्रक लागला. युरियाची टाकी काठोकाठ भरलेली आणि डॅशबोर्डवर मात्र ती रिकामी. ड्रायव्हर बिचारा झाकण उघडून टाकीत बॅटरीचा उजेड मारून सगळ्यांना दाखवत होता, जणू त्याच्यावर चोरीचा आळ आलाय. गॅरेजच्या पोरानं स्कॅनर लावला. कोड आला: एसपीएन १७६१, एफएमआय ३.

सेन्सररावांनी चष्मा कपाळावर चढवला. "बघितलं? स्कॅनरच सांगतोय. सेन्सर गेलाय. शेठला फोन लाव."

आता स्कॅनर काय सांगत होता, ते इथं सांगायला हवं. १७६१ म्हणजे युरियाच्या टाकीची पातळी. ३ म्हणजे त्या सर्किटवर व्होल्टेज वाजवीपेक्षा जास्त. तेच ४ आलं असतं तर वाजवीपेक्षा कमी. बस. कोण गेलंय, कुठं गेलंय, का गेलंय, याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. कोड हा चौकीत आलेला फोन आहे. आरोपपत्र सेन्सरराव लिहितात.

आणि हे आरोपपत्र स्वस्त नसतं. टाकीच्या डोक्यावर बसतो तो सेन्सर बऱ्याच गाड्यांत एकटा मिळतच नाही. पातळी, तापमान, युरिया शोषणारी नळी, शिवाय उणे अकरा अंशांवर गोठणारं ते पाणी वितळवायची सोय, सगळं एकाच असेंब्लीत. म्हणजे मे महिन्याच्या कळंबोलीत, अंगातून घामाच्या धारा वाहत असताना, शेठनं बर्फ वितळवायच्या यंत्राचेही पैसे मोजायचे. फोनवर आकडा ऐकून शेठ जे बोलले ते ड्रायव्हरनं फोन कानापासून दूर धरल्यामुळे सगळ्यांनीच ऐकलं.

तेवढ्यात वायरमन आला. हा माणूस सेन्सररावांना आवडत नाही, कारण तो प्रश्न विचारतो. "युरिया कधी भरला? कुणी भरला?" क्लीनरनं, काल रात्री, कॅनमधून, नरसाळं नसताना. "सांडला?" क्लीनर दुसरीकडे बघायला लागला.

वायरमननं टाकीवरचा कपलर ओढला. त्याचं लॉक तुटलेलंच होतं. आत पांढरी खडीसाखर जमलेली. युरियाचं पाणी सुकलं की मागे हेच राहतं. त्यानं कोमट पाण्यानं पिना धुतल्या, कॉम्प्रेसरच्या हवेनं सुकवल्या. ही गाडी फ्लोटवाली. आत चुंबकाचा फ्लोट वरखाली होतो तसा रोध बदलतो. त्यानं सेन्सरच्या पिनांना मीटर लावला. आकडा आला आणि स्थिर राहिला.

"सेन्सर जिवंत आहे."

"मीटर खराब असेल," सेन्सरराव म्हणाले.

मग त्यानं वायरिंगकडच्या पिना धरल्या. चावी चालू. सिग्नलची पिन आणि चेसिस: पाच व्होल्ट. सिग्नलची पिन आणि तिची स्वतःची अर्थची पिन: काही नाही. त्यानं तीच पिन पुन्हा तपासली, पुन्हा काही नाही. सिग्नल येतोय, पण परत जायची वाट बंद आहे. वाट बंद म्हणून पाचचे पाच व्होल्ट तसेच उभे, आणि म्हणून स्कॅनरवर ३. मीटर टाकीच्या कडेला ठेवून त्यानं कपलरपासून वायर बोटांनी चाचपत नेली आणि वीतभर अंतरावर थांबला. तिथं वायर वरून अगदी नवी दिसत होती. चिमटीत धरली तर मऊ लागली. ब्लेडनं वरचं प्लास्टिक सोललं, तर आत तांब्याऐवजी हिरवी भुकटी. सांडलेला युरिया तुटक्या लॉकच्या कपलरात शिरतो आणि तारांच्या बटांमधून वात तेल ओढते तसा पुढे पुढे सरकत तांबं खात जातो. हे एका रात्रीचं काम नव्हतं. क्लीनरची धार बरेच महिने चुकत असणार.

लखलखीत तांबं लागेपर्यंत वायर मागे कापली, नवा तुकडा जोडला, डाग दिला, वर स्लीव्ह चढवली, कपलर नवा बसवला, कोड पुसला. डॅशबोर्डवर टाकी भरली. खर्च झाला तो एका वायरीचा, एका कपलरचा, वायरमनच्या मजुरीचा आणि जमलेल्या लोकांच्या चहाचा. त्या चहातला पहिला कप कुणी उचलला, हे सांगायला नको.

"म्हणजे सेन्सरचीच वायर ना?" कप खाली ठेवत सेन्सरराव म्हणाले. "मी सकाळपासून वेगळं काय म्हणत होतो?"

कधीकधी सेन्सर खरोखरच जातो, हेही मान्य केलं पाहिजे. नव्या गाड्यांत टाकीच्या तळातून ध्वनिलहरी सोडून पातळी मोजणारे सेन्सर असतात. त्यांच्यावर खडे साचले, युरियाला फेस आला किंवा कुणी त्या टाकीत डिझेल ओतलं, की ते भरकटतात. त्या दिवशी सेन्सरराव बरोबर ठरतात, आणि पुढची दोन वर्षं कळंबोलीत त्या एका दिवसाबद्दल बोललं जातं. बोलतात अर्थात तेच.

तेव्हा ट्रकमालकांना एवढीच विनंती. युरियाचा दिवा लागला तर असेंब्लीची ऑर्डर देण्याआधी कपलर उघडून बघायला सांगा, कोडमधला शेवटचा आकडा विचारा, आणि क्लीनरला एक नरसाळं घेऊन द्या. बाजूला हात मागे बांधून कुणी उभं असेल, तर त्यांना चहा सांगायला पाठवा. येताना ते निकाल घेऊनच येतील, पण तेवढ्या वेळात वायरमनचं मीटर लावून झालेलं असेल.