बरोबर उत्तर आणि बहुमत

इंजिनिअरिंगच्या पोराला एक गोष्ट पक्की शिकवलेली असते. उत्तर एकच असतं आणि ते पुस्तकाच्या शेवटच्या पानांवर छापलेलं असतं. आपलं जुळलं नाही तर परत पहिल्यापासून सोडवायचं. अशा पोराला उन्हाळ्याच्या सुट्टीत उचलून वॉशिंग्टनला, थेट अमेरिकन संसदेच्या दारात नेऊन सोडायचं, ही कल्पना ज्या कुणाला सुचली तो फार दूरदर्शी तरी असला पाहिजे, नाहीतर चांगलाच खट्याळ.

१९८० पासून हा उद्योग चालू आहे. ‘वाईज’ हे त्याचं सुटसुटीत नाव. पैसे पुरवतात त्या इंजिनिअरांच्या व्यावसायिक संस्था: मेकॅनिकलवाल्यांची एएसएमई, इलेक्ट्रिकलवाल्यांची आयईईई, अणुऊर्जावाल्यांची एएनएस आणि अशाच आणखी काही. पदवीच्या उंबरठ्यावरची मूठभर मुलं, सुमारे नऊ आठवडे, आणि सोबतीला मुक्कामी एक प्राध्यापक. प्रत्येकाने तंत्रज्ञान आणि कायदा जिथे एकमेकांच्या पायात पाय घालतात असा एक विषय धरायचा, माणसांना भेटायचं आणि शेवटी निबंध लिहून तो मांडायचा.

नटबोल्टांची मापं ठरवणाऱ्या संस्थांना ही उठाठेव का, असं वाटेल. पण त्यांना जुना चटका आहे. १९०५ साली मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉक्टन गावी बुटांच्या कारखान्यात बॉयलर फुटला आणि ५८ माणसं गेली. दोन वर्षांत त्या राज्याने नियम केले. मग दुसऱ्या राज्याने आपले वेगळे केले. एका राज्यात कायदेशीर असलेला बॉयलर शेजारच्या राज्यात गुन्हेगार ठरायची वेळ आली. तेव्हा एएसएमईने १९१५ मध्ये एक सामाईक नियमावली काढली. पण नियमावली कितीही चोख असो, विधिमंडळ ‘हो’ म्हणेपर्यंत ती छापील कागदच. ते ‘हो’ कसं मिळवायचं, हे कुठल्याच सेमिस्टरला नसतं.

अणुकचऱ्याचा विषय घेणाऱ्या मुलाची मला विशेष काळजी वाटते. बिचारा खडकांचे थर, भूजलाची पातळी, उष्णतेचा हिशेब असं सगळं घेऊन आलेला असणार. इथे आल्यावर कळतं की १९८२ च्या कायद्याने सरकारने १९९८ पासून हा कचरा ताब्यात घ्यायचा होता. १९८७ मध्ये संसदेने बाकीच्या जागा खोडून फक्त नेवाडातल्या युका पर्वतावर बोट ठेवलं. नेवाडाची माणसं खवळली. पुढे त्यांचेच हॅरी रीड सिनेटमधले बहुमताचे नेते झाले, आणि पर्वत रिकामाच राहिला. कचरा अजून ज्या त्या वीजकेंद्राच्या आवारात पडून आहे. आता यात खडकाची ताकद कुठल्या सूत्रात बसवायची?

समोर बसतो तो खासदाराचा सहायकही बहुधा पोरसवदाच. ऊर्जा त्याच्याकडे, शेती त्याच्याकडे, जमलं तर रेल्वेही. पोराने चाळीस आलेखांचं बाड पुढे केलं की तो हसून म्हणत असणार, “एका पानात देता येईल का? आणि आमच्या मतदारसंघाचं त्यात काय?” मध्येच भिंतीवरच्या घड्याळात मतदानाचे दिवे लागतात, घंटा वाजते, नि सभासद तरातरा निघून जातात. नवा कोट, वॉशिंग्टनची जुलैतली घामट हवा आणि अर्धवट राहिलेलं वाक्य. मुक्कामी प्राध्यापकांची खरी शिकवणी मला वाटतं इथेच सुरू होते. चाळीसांतले एकोणचाळीस आलेख कुठले टाकायचे, ही शिकवणी. टाकायचं कसं हे आम्हाला कधी कुणी शिकवलं नाही. आमच्याकडे जर्नल जितकं जाड तितके मार्क.

अशा मार्गदर्शकांचे आद्यपुरुष म्हणून मी मनातल्या मनात प्रा. वॉल्डो यांना हार घालतो. १८९७ साली इंडियाना राज्यात एका डॉक्टरमहाशयांनी वर्तुळाचं गणित नव्याने सोडवल्याचा दावा केला आणि ते कायद्यात घालावं म्हणून विधेयक आणवलं. त्यातली ‘पाय’ची किंमत मांडून पाहिली तर ३.२ निघत होती. इंडियानाच्या शाळांना हा शोध फुकट, हे वरचं आमिष. खालच्या सभागृहाने ते ६७ विरुद्ध शून्य मतांनी पास केलं. पर्ड्यू विद्यापीठातले गणिताचे हे प्राध्यापक तेव्हा विज्ञान अकादमीच्या अनुदानासाठी तिथे आले होते. सभागृहात गणितावर चर्चा चाललेली ऐकून ते चाट पडले आणि सिनेटरांना गाठून समजावत बसले. दरम्यान सिनेटने ते विधेयक दारूबंदीच्या समितीकडे सोपवलं होतं, आणि समितीनेही पास करा म्हणून सांगितलं होतं!

शेवटी सिनेटने ते बेमुदत पुढे ढकललं. मात्र ‘पाय’ची किंमत चुकली म्हणून नव्हे. गणितातलं आम्हाला काही कळत नाही असं सिनेटरांनी मोकळेपणाने सांगून टाकलं. हा कायदे करण्याचा विषय नव्हे, एवढंच त्यांना पटलं होतं. वॉल्डोंनी तक्रार केल्याची नोंद माझ्या तरी वाचनात नाही.