मधलंच पुस्तक हाती आलं तर…

"काकू, आहात का? भिंतीवरून हे बघा जरा. लायब्ररीतून ख्रिस्तीबाईंच्या डिटेक्टिव्ह पॉयरोचं पुस्तक आणलंय. पण घरी आल्यावर कळलं, हे मालिकेतलं मधलंच आहे. आधीचं एकही वाचलेलं नाही. परत करू का?"

"बघू कुठलं? 'डम्ब विटनेस'! अगं माधवी, नेमकं हेच मिळालं का तुला?"

"का हो? रटाळ आहे?"

"छे, झकास आहे. पण त्यात पॉयरो बोलता बोलता आधीच्या चार पुस्तकांतल्या खुन्यांची नावं घेऊन मोकळा होतो. त्यात एक 'रॉजर ॲक्रॉइड'चं. तिथला खुनी आधी कळला की संपलंच सगळं!"

"म्हणजे ख्रिस्तीबाईंनी स्वतःच फोडलं?"

"नाहीतर काय! १९३६ च्या 'कार्ड्स ऑन द टेबल'मध्ये 'ओरिएंट एक्सप्रेस'चं गुपितही असंच सांडलंय."

"मग सुरुवात १९२० च्या 'स्टाइल्स'पासूनच करायला हवी."

"मुळीच नको. खून त्याच पुस्तकात, निकालही त्याच पुस्तकात. पॉयरोचा दोस्त हेस्टिंग्ज लग्न करून अर्जेंटिनाला गेलाय आणि अधूनमधून उगवतो, एवढं कळलं की पुरे. फक्त 'कर्टन' शेवटी ठेव. दुसऱ्या महायुद्धात लिहून ठेवलेलं, छापलं १९७५ ला. पॉयरोची शेवटची केस आहे ती."

"सगळ्याच मालिकांचं असं असतं?"

"नाही गं. स्वीडनच्या एका लेखक-जोडप्याची मार्टिन बेकची दहा पुस्तकं घे. खुनाचा छडा दर वेळी लागतो, पण बेकचं बायकोशी बिनसत जातं ते पुस्तकामागून पुस्तक. सातवं आधी वाचलंस तर त्याच्या संसाराचा निकाल आधी आणि भांडणं मागाहून! तेव्हा विचारायचं एवढंच: या मालिकेत पुढे काय सरकतं? नुसते खून, की डिटेक्टिव्हचं घरही?"

"आणि होम्स?"

"त्याचा तर लेखकच क्रम पाळत नाही. १८९३ मध्ये त्याला दरीत ढकलला आणि १९०१ मध्ये 'बास्करव्हिल'ची जुनी केस काढली. बंगालीतले शरदिंदूबाबू, पुढे आपल्या पुण्यातच राहायला आलेले, त्यांनीही त्यांच्या डिटेक्टिव्ह ब्योमकेशची ओळख करून देणारी गोष्ट लिहिली ती दोन गोष्टी झाल्यावर."

"मग हे तुमच्याकडेच ठेवा. 'ॲक्रॉइड' आहे का घरात?"

"आहे ना, थांब, देते. पण पहिलं पान उघडू नकोस हं. आमच्या ह्यांनी खुन्याचं नाव लिहून ठेवलंय. खाली तारीख घालून सहीसुद्धा केलीय!"