थंडीच्या नावावर बिल

बंगळुरूत थंडी पडते, असं बंगळुरूकरांचं म्हणणं आहे. पारा 15 अंशांवर उतरला की माकडटोप्या बाहेर येतात आणि गाडीचं स्टिअरिंग ओरडलं तरी आळ थंडीवरच जातो. या शहराचा नीचांक 7.8 अंश, तोही 13 जानेवारी 1884 चा. कार्ल बेंझनं मोटारीचं पेटंट घेतलं 1886 मध्ये. म्हणजे बंगळुरूची खरी थंडी एकाही स्टिअरिंगनं पाहिलेली नाही!

तरीही डिसेंबरच्या पहाटे आमची पिकअप यशवंतपूरला कांदे आणायला निघाली की गल्लीच्या वळणावर अशी किंचाळते की समोरच्या घरातले दिवे लागतात. सासऱ्यांनी रात्री बॉनेटवर गोधडी टाकायला सांगितलं. पुण्याच्या मेव्हण्यांनी फोनवरून आवाज ऐकून अख्खी स्टिअरिंग असेंब्ली बदलायला लावली असती. पैसे त्यांचे नव्हते.

बंगळुरूच्याच शिवाजीनगरच्या मिस्त्रींनी मात्र आवाज कसा येतो हे विचारलंच नाही. "कब आता, वो बोलो साब."

सुरू केल्याकेल्या चिरकतो आणि थोड्या वेळानं थांबतो? मग बेल्ट ढिला किंवा गुळगुळीत झालाय. पहाटेच्या दवानं तो घसरतो. चाक वळवताना घोंऽऽ होतं? पॉवर स्टिअरिंगचं ऑइल कमी, किंवा त्यात हवा शिरलीय. टाकीत फेस दिसतो. ऑइल थंडीनं घट्ट होतं हे खरं, पण आवाज येण्याइतकं घट्ट व्हायला पारा शून्याच्या बराच खाली जावा लागतो. 15 अंशांत रुसणारं ऑइल म्हणजे चादरीत शिरून शाळा बुडवणारं पोर. स्टिअरिंग टोकापर्यंत वळवून धरलं तर मात्र धडधाकट पंपही कण्हतो. तिथं धरून ठेवू नये, एवढंच.

थरथरीचंही तसंच. तुमकूर रोडवर ठरावीक वेगालाच हात थरथरले तर व्हील बॅलन्सिंग, फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरले तर डिस्क. खड्ड्यात खडखडलं तर टाय रॉड एंड, आणि तो लगेच दाखवायचा. तिथं विनोद नाही. थंडीकडे न्यायचं एकच प्रकरण उरतं: माल भरून रात्रभर उभ्या गाडीचे टायर खाली चपटतात, थोडं अंतर पळाल्यावर गोल होतात.

आमचा निघाला बेल्ट. तेव्हा कुणी तुम्हाला बंगळुरूच्या थंडीच्या नावावर पंपाचं बिल लावायला लागलं, तर आधी बॉनेट उघडायला लावा.