पान न गाळणारे झाड हवे आहे

गृहसंकुलांच्या बाग समित्यांना हल्ली एका खास झाडाचा शोध असतो. त्याची पाने गळू नयेत. त्याला फळ धरू नये, कारण पेव्हर ब्लॉकवर डाग पडतात. फुले आली तर चालतील, पण ती जागच्या जागी वाळावीत. किडे तर नकोच. पक्षी बसलाच तर खाली कोणाची गाडी उभी आहे हे पाहून बसावा. अटींची ही यादी घेऊन समिती रोपवाटिकेत जाते आणि रॉयल पाम घेऊन परत येते. फाटकाशी पामच्या दोन रांगा, मधे लॉन, लॉनवर ‘हिरवळीवर चालू नये’ आणि त्याच्या शेजारी ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ अशा दोन पाट्या. 5 जूनला दुसऱ्या पाटीपाशी फोटो निघतो.

सगळे भांडण पानाचे आहे. बहावा नको, त्याची पाने झडतात. ताम्हणाचे फूल राज्यपुष्प असेल, पण उन्हाळ्याच्या तोंडावर झाडाचा पार खराटा होतो, फ्लॅट बघायला आलेल्या गिऱ्हाइकाला काय वाटेल? पारिजातक नको, कारण सडा पडतो. (या सड्यावर मराठी माणूस कवितेत विरघळतो, तो प्रत्यक्ष पडला की हाउसकीपिंगला फोन लावतो.) म्हणून पाम. पामची पाने टिपटिप गळत नाहीत, हे खरेच. त्याची अख्खी झावळीच कोसळते, माणसाहून लांब आणि चांगली वजनदार. बहाव्याची हजार पाने अंगावर पडून आजवर कोणाला टाके पडलेले नाहीत. पण समितीच्या हिशेबी ती हजार पाने म्हणजे हजार वेळा कचरा, आणि झावळी म्हणजे एकदाच, मग ती विंडस्क्रीनमधून आत आलेली का असेना. एवढे करूनही जी पाने पडतातच, ती काळ्या पिशव्यांत कोंबून गाडीत चढवली जातात, नाहीतर भल्या पहाटे मागच्या भिंतीशी पेटवून त्यांचा धूर पहिल्या मजल्यावरच्या दमेकऱ्यांना वाटला जातो. पुढच्याच महिन्याच्या जमाखर्चात नोंद असते : सेंद्रिय खत, दहा गोण्या. फुकट पडलेले पान कचरा आणि तेच कुजवून, गोणीत शिवून, बिलासह आले की सेंद्रिय! याला अज्ञान म्हणून सोडून देता येत नाही. शिकल्या-सवरल्या लोकांनी बैठक घेऊन, सूचक-अनुमोदक नोंदवून केलेला हा गाढवपणा आहे.

या गाढवपणाची किंमत फुलपाखरे मोजतात. मधासाठी त्यांना परके फूलही चालते, पण अळीचे तसे नाही. झाडे पानांत कडू-विषारी रसायने साठवतात, आणि ती पचवायला एकेक जात लाखो वर्षांत ठरावीक झाडांपुरतीच शिकली आहे. प्लेन टायगरला रुईचे कूळ लागते, कॉमन एमिग्रंट बहाव्यावर अंडी घालते, आणि 2015 साली आपण ज्याला राज्य फुलपाखरू केले त्या ब्लू मॉर्मनला लिंबाच्या कुळातली झाडे हवीत. तेच पक्ष्यांचे. फुलातला रस पिणारा शिंजीरसुद्धा पिलांना किडे आणि कोळीच भरवतो. म्हणजे ज्या बागेत पान कुरतडले जात नाही, तिथे पिल्लू वाढत नाही. समिती मात्र अळी दिसताच फवारणी करवते आणि लॉनच्या कोपऱ्यात पक्ष्यांसाठी टेराकोटाचे घरटे टांगते.

यावर एक हुशार आक्षेप येतो : मिरची, पेरू, सीताफळ बाहेरचेच, देवाचा चाफा आणि दसऱ्याचा झेंडूही अमेरिकेकडचा, मग झाडांचे नागरिकत्व का तपासायचे? तपासू नयेच. चाफा काढून टाका असे कोणी म्हणत नाही. पण परदेशी शोभेचे सगळेच पाहुणे चाफ्यासारखे कुंपणात राहत नाहीत. घाणेरी शोभेचे झुडूप म्हणूनच देशात आली आणि आज रानेच्या राने व्यापून बसली आहे. जलपर्णीही तिच्या जांभळ्या फुलांवर भाळून आणली गेली. आता ती नदीतून उपसण्याची निविदा निघते आणि जलपर्णी पुन्हा उगवते. दुसरा आक्षेप जागेचा. देशी म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे एकदम वड उभा राहतो आणि गॅलरी बिचारी आकसते. गॅलरीत वड लावायला सांगितले कोणी? कढीपत्ता मोठ्या कुंडीत वर्षानुवर्षे राहतो आणि कॉमन मॉर्मनच्या अळ्यांना तो मनापासून आवडतो. तगर, कोरांटी कुंडीत येतात. कुंपणाला अडुळसा आणि निर्गुंडी छाटून ठेवता येतात, आणि जेमतेम मोकळी जागा असली तरी पारिजातक मावतो. डासांचे म्हणाल, तर ते कुंडीखालच्या बशीत साचलेल्या पाण्यात वाढतात. बशी ओतून द्यायला ठराव लागत नाही. राहिली ‘रोपवाटिकेत मिळत नाही’ ही तक्रार. रोपवाटिकेत जे मागितले जाते तेच ठेवतात, आणि आपण आजवर पामच मागितला.

तेव्हा यंदा रोप घेताना विक्रेत्याला पानगळीचे विचारू नका. याचे पान कोण खाते, एवढेच विचारा. ‘काही काळजी नको साहेब, याला कीडसुद्धा तोंड लावत नाही’ असे उत्तर आले, तर पाकीट परत खिशात ठेवा.