या वयात कसला कॅन्सर?

‘या वयात कसला कॅन्सर? मूळव्याध असेल.’ ३२ वर्षांच्या मुलाला शौचातून रक्त पडतं तेव्हा घरचे हेच म्हणतात, आणि पुष्कळदा दवाखान्यातही हेच ऐकायला मिळतं. मलम, इसबगोल, तिखट बंद. बहुतेकांना मूळव्याधच असते, मान्य. पण बोटाने न तपासता ते ठरवायचं कशावरून? वयावरून?

वयावरून आजाराची जात बदलते, हे खरं आहे. ॲक्युट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया मुलांना होतो तसा मोठ्यांनाही. पण ‘फिलाडेल्फिया’ गुणसूत्राचा घातक बिघाड मुलांत शंभरात तिघा-पाचांत सापडतो, मोठ्यांत साधारण चौघांत एकाला. थायरॉइडच्या पॅपिलरी कॅन्सरचं तर नियमातच लिहिलंय: रुग्ण ५५च्या आतला असेल तर गाठ फुप्फुसात पसरली तरी दुसरी स्टेज, ५५ पुढे तेवढ्यालाच चौथी.

म्हणून कोवळं वय म्हणजे सौम्य आजार, असं कुणी धरून चालेल तर गुदाशयाशी गाठ आहे. तिथे तरुणांत ‘सिग्नेट रिंग’ पेशींचा प्रकार म्हाताऱ्यांपेक्षा जास्त दिसतो. पेशीत चिकट द्रव साठतो, केंद्रक एका कडेला दाबलं जातं, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ती खड्याच्या अंगठीसारखी दिसते. या पेशी एकमेकींना धरून राहत नाहीत. सुट्या सुट्या आतड्याच्या भिंतीत शिरतात आणि पोटाच्या अस्तरापर्यंत पोचतात. मलम लावण्यात गेलेले सहा महिने अशा रुग्णाला फार महाग पडतात.

स्तनाच्या कॅन्सरचंही तेच. तरुण बायकांत हार्मोनच्या गोळ्यांना दाद न देणारा ‘ट्रिपल निगेटिव्ह’ प्रकार अधिक, आणि स्तन घट्ट असल्याने मॅमोग्राफीत गाठ लपूही शकते. उलट सत्तरीतल्या आजीला ‘आता कशाला उपचार’ म्हणून घरी बसवतात. तिचा कॅन्सर बहुधा हार्मोनवर पोसलेला असतो आणि रोजच्या एका गोळीने वर्षानुवर्षं आटोक्यात राहू शकतो. दोन्हीकडे आपण वय बघतो, गाठ बघतच नाही. मला याचा संताप येतो.

अमेरिकेत २०२१ मध्ये आतड्याच्या कॅन्सरच्या नियमित चाचणीचं वय ५० वरून ४५ वर आणलं. तिशीतला माणूस त्यातही बसत नाही. त्याच्या हाताशी आहेत ती फक्त लक्षणं: रक्त, शौचाची बदललेली सवय, पोट साफ न झाल्याची भावना, कारणाशिवाय घटणारं वजन.

यातलं काही दोन-तीन आठवडे टिकलं तर लाज सोडून सर्जनकडे जा. गुदद्वाराची बोटाने तपासणी करा म्हणून सांगा, गरज असेल तर कोलोनोस्कोपीही करून घ्या. आणि नुसतं वय विचारून कुणी मलम लिहून दिलं, तर दुसरा डॉक्टर गाठा.