न्यू मार्केट कुठं आलं हो?

कोलकात्याचं न्यू मार्केट १ जानेवारी १८७४ रोजी उघडलं. तेव्हापासून ते नवीनच आहे. दफ्तरी त्याचं नाव सर स्टुअर्ट हॉग मार्केट. हॉगसाहेब तेव्हा तिथल्या नगरपालिकेचे प्रमुख होते. त्याआधी १८६९ मध्ये मुंबईत आर्थर क्रॉफर्ड या आयुक्तसाहेबांच्या नावाचं मार्केट उभं राहिलं होतं आणि पुढे पुण्याच्या मंडईला खुद्द गव्हर्नर रे यांचं नाव लागलं. भाजीबाजार बांधून त्यावर आपलं नाव कोरायची त्या काळच्या साहेबाला हौसच असावी. आपण मग मुंबई आणि पुणे दोन्हीकडे महात्मा फुल्यांचं नाव दिलं. तरी मुंबईकर क्रॉफर्ड मार्केटलाच जातो आणि पुणेकर नुसता मंडईत जातो, म्हणून भाजी बिनचूक घरी येते. बंगाल्यांनी हॉगसाहेबांचं नाव पुसलंही नाही आणि त्या नावानं कधी हाकही मारली नाही. मला ही तऱ्हा जास्त निष्ठुर वाटते.

त्या सगळ्या भागाचा कारभारच असा आहे. चौरंगी कागदोपत्री जवाहरलाल नेहरू रोड, लिंडसे स्ट्रीट म्हणजे नेली सेनगुप्ता सरणी, फ्री स्कूल स्ट्रीट म्हणजे मिर्झा गालिब स्ट्रीट, पार्क स्ट्रीट म्हणजे मदर तेरेसा सरणी. जवळच्या हॅरिंग्टन स्ट्रीटवर अमेरिकेची वकिलात आहे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात त्या रस्त्याचं नाव हो ची मिन्ह सरणी करून टाकलं. तेव्हापासून अमेरिकन वकिलातीच्या पत्त्यात हो ची मिन्ह आहेत. इतकी बारीक खोडी काढणारी सरकारी यंत्रणा मी दुसरी पाहिलेली नाही. तर कागदावर नवी नावं, तोंडात जुनी, आणि मोबाइल बिचारा कागदावर विश्वास ठेवणारा.

माझ्याबरोबर आत्या होती. सातारची, सत्तरी ओलांडलेली. तिचे गुडघे दुखतात ते फक्त जिन्यावर. बाजारात त्यांना काही होत नाही. पुण्याहून आझाद हिंद एक्स्प्रेसनं हावड्याला उतरलो आणि तिथून मेट्रोनं एस्प्लनेडला निघालो. २०२४ पासून ही मेट्रो हुगळीच्या पात्राखालून जाते. अर्धा किलोमीटर नदी पाऊण मिनिटात संपते आणि तेवढ्यापुरते बोगद्यात निळे दिवे लागलेले दिसतात. गंगा आली म्हटल्यावर आत्यानं सवयीनं कनवटीचं नाणं काढलं. मग थबकली.

"आरं, पण टाकायचं कुठं? वर?"

समोरच्या बाकावरचे बंगाली गृहस्थ पेपर बाजूला करून या प्रश्नाचा गांभीर्यानं विचार करू लागले. तेवढ्यात नदी संपली. नाणं परत कनवटीला गेलं. त्याच एस्प्लनेडहून २४ ऑक्टोबर १९८४ ला भवानीपूरपर्यंत देशातली पहिली मेट्रो धावली होती. हे मी आत्याला सांगितलं, पण ती अजून नाण्यातच होती.

बाहेर आल्यावर मोबाइलनं नेली सेनगुप्ता सरणी शोधायला सांगितलं. चहावाल्याला विचारलं, त्यानं मान हलवली. पानवाल्यानं या नावाच्या बाई इथे राहत नाहीत असं सांगितलं. शेवटी छत्रीवाले एक आजोबा भेटले. छत्री मिटवून, तिच्या टोकानं हवेत नकाशा काढत ते म्हणाले, "सीधा जाइए, ग्लोब सिनेमा पड़ेगा, फिर लाइटहाउस का गली, सामने न्यू मार्केट." लाइटहाउसमध्ये तरुणपणी कोणकोणते चित्रपट पाहिले हेही सांगितलं. आम्ही गेलो. ग्लोब सिनेमाचं दुकानसंकुल झालेलं होतं. लाइटहाउसमध्ये कपडे विकत होते. पडदा गेला होता आणि कापड राहिलं होतं. आजोबांना हा तपशील सांगण्यासारखा वाटला नव्हता, कारण पत्ता म्हणून दोन्ही थेटरं अजून खणखणीत चालू आहेत.

हा मूळचा सिनेमाचाच मोहल्ला. मुंबईचे पारशी जमशेटजी मादन यांनी १९०७ मध्ये इथे एल्फिन्स्टन पिक्चर पॅलेस काढलं. देशातल्या अगदी पहिल्या कायमच्या चित्रपटगृहांत त्याची गणना होते. पुढे त्याचं मिनर्व्हा झालं, मग चॅप्लिन झालं, मग पाडून टाकलं. १९३५ मध्ये हॉलिवूडच्या एमजीएम कंपनीनं चौरंगीवर मेट्रो बांधलं. तीन वर्षांनी त्याच कंपनीनं मुंबईत धोबीतलावाला बांधलं तेही मेट्रोच. त्यामुळे कोलकात्यात "मेट्रोजवळ भेटू" असं कुणी म्हणालं, तर त्याचं वय विचारून घ्यावं.

न्यू मार्केटची इमारत लाल विटांची आहे, डोक्यावर घड्याळाचा मनोरा आणि बाहेरून चर्चची ऐट. १९८५ साली मोठी आग लागून बराचसा भाग गेला. त्या जागी नवीन इमारत झाली, म्हणजे न्यू मार्केटमधला खरोखर नवा भाग हाच. आणि तिथे कुणी आपणहून जात नाही. दाराशी पाऊल टाकलं की माणसं चिकटतात. "दीदी, शाल? दीदी, सिल्क? देखने का पैसा नहीं." या बाजारात बिल्लेवाल्या हमालांची जुनी परंपरा आहे. डोक्यावर टोपली घेऊन ते गिऱ्हाइकाबरोबर फिरायचे. एवढं मी आत्याला गाडीत सांगून ठेवलं होतं. त्यामुळे शालवाल्याचा दलाल "आइए दीदी" म्हणत पुढे झाला तशी आत्यानं हातातली पिशवी त्याच्या हातात दिली आणि "चल बाबा" म्हणाली. पुढचा अर्धा तास तो पिशवी घेऊन आमच्या मागून फिरत होता. शालीचा विषय त्यानं दोनदा काढला. दोन्ही वेळा आत्यानं त्याला पिशवी नीट धरायला सांगितली.

साडीच्या दुकानात गादीवर बसवून आम्हाला मातीच्या भांड्यात चहा आला. कोलकात्यात चहा संपला की हे भांडं फेकून द्यायचं असतं. दुकानदारानं फेकलं. आत्यानं आपलं पदरानं पुसून पिशवीत घातलं, मग माझं घातलं आणि मग कचऱ्याच्या डब्यात वाकून दुकानदाराचंही काढलं. "दिवाळीला पणती होईल. आन् ह्ये टाकतंय बघ कसं." दुकानदार अवाक झाला आणि तिथेच घासाघीस तो अर्धी हरला. आत्या मराठीत बोलत होती, तो बंगालीत. तांताची साडी उलगडून तो काठाची तारीफ करी, आत्या तोच काठ उलटा करून सुटलेला धागा दाखवी. किमतीचे आकडे मात्र दोघेही हिंदीत बोलत. राजभाषेचा इतका काटकसरीनं वापर मी प्रथमच पाहिला. साडी घेतली. पैसे देताना दुकानदारानं आणखी एक भांडं, न वापरलेलं, स्वतः आणून दिलं.

तिथून नाहूम. बगदादी ज्यू कुटुंबाची ही बेकरी १९०२ ची. सागवानी कपाटं, काचेआड फ्रूटकेक, लेमन टार्ट, रम बॉल. नाताळात इथे रांग लागते आणि ज्यूंच्या दुकानातला ख्रिस्ती सणाचा केक घ्यायला त्या रांगेत चॅटर्जी, बॅनर्जी उभे असतात, यावर कोलकात्यात आलेला प्रत्येक लेखक भारावून एक परिच्छेद लिहितो. मी केक खाल्ला. आत्यानं रम बॉल खाल्ला, थोडा वेळ शांत राहिली आणि विचारलं, "ह्यात रम किती असंल?" मी म्हटलं, नावापुरती. तिनं आणखी एक मागवला, खात्री करायला. मग निझाम्समध्ये १९३२ पासून चालत आलेला काठी रोल झाला. पराठ्यात गुंडाळलेलं मटण, कांदा, मिरची. आत्याचा शेरा: "चांगलंय. आमच्या गड्यांना शेतावर न्यायला बरं पडंल."

पार्क स्ट्रीटसाठी पिवळी अँबॅसिडर टॅक्सी केली. ही गाडी बनायची २०१४ मध्येच थांबली. ज्या अजून रस्त्यावर आहेत त्या ड्रायव्हरच्या जिद्दीवर आहेत. मोबाइलमध्ये बघून मी म्हटलं, "मदर तेरेसा सरणी." बिहारी ड्रायव्हरनं भक्तिभावानं मान डोलावली, गाडी काढली आणि आम्हाला थेट ए. जे. सी. बोस रोडवर, मदर तेरेसांच्या मठाकडे न्यायला निघाला. वाटेत त्यानं आत्याला विचारलं, "माताजी, दर्शन करेंगे?" आत्या म्हणाली, "जेवायचंय." तेव्हा उलगडा झाला. "अरे, पारक इस्टीट बोलिए ना!" पण लगेच वळता येईना, कारण कोलकात्यातले काही एकेरी रस्ते दुपारी दिशा बदलतात. सकाळी ज्या रस्त्यानं जायचं, दुपारनंतर त्याच रस्त्यानं यायचं. शहराला दुपारचं जेवण झाल्यावर कूस बदलायची सवय आहे म्हणा. आम्ही बरंचसं कोलकाता पाहून पार्क स्ट्रीटला पोहोचलो.

या रस्त्याचं त्याहून जुनं नाव बरियल ग्राउंड रोड. पलीकडच्या टोकाला १७६७ ची इंग्रजांची दफनभूमी आहे, मोठमोठ्या मनोऱ्यांची. एशियाटिक सोसायटी काढणारे विल्यम जोन्स तिथेच आहेत. नंतर न्यायाधीश एलिजा इम्पी यांच्या हरणांच्या उपवनावरून पार्क स्ट्रीट हे नाव आलं. हे इम्पी म्हणजे महाराजा नंदकुमाराला १७७५ मध्ये फाशी सुनावणारे. त्यांची हरणं गेली, पार्क गेलं, नाव राहिलं. त्याआधीचं नाव रस्ता असा खवय्यांचा होण्याआधी बदललं, हे उत्तम झालं. बरियल ग्राउंड रोडवर जेवायला जाऊ, असं म्हणून कुणाची भूक वाढली नसती.

१९२७ च्या फ्लुरीजची काच आत्यानं बाहेरूनच पाहिली. आतली माणसं फार हळू खातात, असं तिचं मत पडलं. आम्ही पीटर कॅटमध्ये गेलो. म्हणजे आधी दाराबाहेर उभे राहिलो. वहीवाला माणूस आमचं आडनाव निरनिराळ्या प्रकारे पुकारत होता आणि त्यातल्या एकाला आम्ही ओ दिली. आत फेटेवाले वेटर. फेटा पाहून आत्या एकदम सावरून बसली, डोक्यावर पदर घेतला. इथला चेलो कबाब प्रसिद्ध आहे. मूळ इराणी पदार्थ. भातावर लोण्याचा गोळा, त्यावर अंडं, बाजूला कबाब आणि भाजलेला टोमॅटो. आत्यानं ताट निरखलं. ताट उचलून खाली पाहिलं. शेजारच्या टेबलावर नजर टाकली. मग फेटेवाल्याला विचारलं:

"दादा, कालवण मागनं येणार काय?"

कालवण नाही, हे मी समजावलं. साताऱ्याच्या माणसाला रश्श्याशिवाय भात म्हणजे अर्धवट सोडलेलं काम. तिनं निःशब्दपणे जेवण संपवलं, सगळं, टोमॅटोसकट, आणि म्हणाली, "बिचाऱ्यांचं मसाल्याचं सामान संपलं असंल."

रात्री ट्रिंकासवरून जाताना आतून बँड ऐकू आला. उषा उत्थुप इथे गायच्या, १९६९ च्या सुमारास. मुंबईच्या मुलीनं नाइटक्लबमध्ये कांजीवरम नेसून, ठसठशीत कुंकू लावून इंग्रजी गाणी म्हणायची, हे तेव्हाच्या पार्क स्ट्रीटला नवीन होतं. आत्या टीव्हीमुळे त्यांना ओळखत होती. ती दारात थांबून पायानं ताल धरू लागली, तशी पिशवीतली भांडी किणकिणली. दरवानानं आत बोलावलं, पण तिला आता परत चौरंगीवर जायचं होतं. भांडी अजून आठ मिळाली तर डझन पुरं होईल, असा तिचा हिशेब होता.

चौरंगीच्या कमानींखाली फेरीवाल्यांच्या गर्दीत एक नवराबायको मोबाइल फिरवत उभे होते. पोलिसाला विचारत होते, "वो नेली सेनगुप्ता किधर को आता है?" हिंदी ऐकताच आत्यानं गाव ओळखलं.

"नागपूरचे ना? न्यू मार्केटला जायचंय? ते मोबाइल ठेवा पिशवीत. सरळ जावा, ग्लोब थेटर लागंल, पुढं लाइटहाउस. तिथं कुणालाबी विचारा."

"थेटर चालू असेल का आता, काकू?"

"बंद पडून किती वर्षं झाली! म्हणून तर समद्यांना ठाव हाय."